तिकीट खिडकीतल्या माणसाचं पत्रक

३ फेब्रुवारी, मंगळवार

पत्रक परत आलं! लाल शाईने शेरा मारून! या वयात गृहपाठ परत मिळायचा तेवढा राहिला होता.

दोन संध्याकाळी घालवल्या होत्या मी त्याच्यावर. नाव – कप्तान. वय पंचावन्न. दिसायला उंच, भरदार. आवाज खणखणीत. स्वभाव शूर, दिलदार, सगळ्यांना हसवणारा. पोहता येतं, गाता येतं, डोळे मिटूनसुद्धा दिशा कळते. ‘काय येत नाही’ या रकान्यात लिहिलं – असं काही नाही. ‘कशाला घाबरतो’ – कशालाच नाही. आणि त्याखाली थेरपीवाल्या बाईंच्या अक्षरात : ‘या माणसाला काही कमीच नाही. मग तो दुसऱ्याशी बोलेल कशाला? आणि हे पत्रक भरलं कोणी?’

कोणी म्हणजे काय? मी भरलं! नवऱ्याचा उजवा हात अजून धड चमचा धरत नाही, मग त्याची बायको भरणार नाही तर कोण, शेजारीण? नुसता तिळपापड झाला माझा. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, आणि मला शेरे मारतात.

हा सगळा प्रकार काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझं मलाच कळायचं नाही. सप्टेंबरात ह्यांच्या मेंदूत गुठळी झाली. चालतात आता, काठी घेऊन. कळतं सगळं, पेपर वाचतात, माझ्यावर डोळे वटारतात. पण शब्द! शब्द तोंडाशी येतो आणि निसटतो. सत्तावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. तो माणूस पाच महिने गप्प. डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाइलवर टाइप करता येईल असं बाई म्हणतात. हे करत नाहीत.

म्हणून हा गुरुवारचा गट. बोलणं गेलेली माणसं आणि त्यांच्या घरची. सगळ्यांनी मिळून मोबाइलवर एक गोष्ट लिहायची. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि आपापलं लिहायचं, आळीपाळीने. धुक्यामुळे बोट सुटत नाही, धक्क्यावरच्या खोलीत सगळे अडकलेत – एवढंच बाईंनी ठरवून दिलंय. बाकी आपण. पण आधी पात्राचं पत्रक भरून द्यायचं. ते पास झालं तरच धक्क्यावर प्रवेश.

आणि माझा कप्तान नापास!

५ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो गटात. दुसरा मजला, गोल टेबल, सहा खुर्च्या, एक डुगडुगणारी – ती नेमकी मला. एक टॅक्सीवाले आणि त्यांची बहीण. एक नर्सबाई, त्यांचंही बोलणं गेलेलं, एकट्याच येतात. आणि आम्ही दोघं. टॅक्सीवाल्यांना एवढंच म्हणता येतं – ‘बघू, बघू’. पण त्याच्या सतरा तऱ्हा! हसून बघू, चिडून बघू, चहा हवा असला की लाडात येऊन बघू.

त्यांचं पात्र म्हणजे सामान हरवलेला व्यापारी. ‘काय येत नाही’ मध्ये त्यांनी भरलंय – खोटं बोलणं. व्यापारी असून! सगळे हसले, आणि लगेच नर्सबाईंनी लिहून विचारलं, मग धंदा चालतो कसा? बाई म्हणाल्या, बघा, याला म्हणायचं पत्रक. माणसाचं जिथे अडतं तिथूनच दुसरा त्याच्यापाशी येतो. उंची, केस, डोळे लिहा न लिहा – पण त्याला काय हवंय, कशाची भीती वाटते, काय जमत नाही, काय लपवतो, हे हवंच. आणि शेवटचा रकाना – इतरांनी माझ्या पात्राशी काय करू नये.

मग नियम सांगितला. आपल्या पात्राचं आपणच लिहायचं. दुसऱ्याचं पात्र काय म्हणालं, त्याला काय वाटलं, हे आपण लिहायचं नाही. मी मान डोलावली. फार कळलं मला!

कप्तान नापास, तरी सरावापुरती ह्यांचीही पाळी आली. हातात फोन. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. सगळे बघतायत. ह्यांच्या कपाळावर घाम. मला धीर निघेना. घेतला फोन हातातून आणि टाकलं लिहून – कप्तान हसून म्हणाला, घाबरू नका मंडळी, धुकं आत्ता विरेल.

हे माझ्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने फोन काढून घेतला आणि टेबलावर पालथा घातला. तासभर हात लावला नाही त्याला.

निघताना बाईंनी मला जिन्यापाशी थांबवलं. मार्चच्या मध्यापर्यंत ह्यांनी स्वतः एक शब्दही लिहिला नाही तर ही जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, बाहेर यादी मोठी आहे. आणि शब्द वापरलेच नाहीत तर परत यायला आणखी अवघड जाईल. एवढं गोड आवाजात सांगितलं की रागावताही येईना.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज माझ्या शिवणाच्या दुकानात एका बाईंच्या कोटाची उंची कमी करत होते. गुडघ्यावर बसून, तोंडात टाचण्या. आणि हात थांबला. टाचणी लावताच येईना.

हे कुठे लिहिलेलं नाही मी. मुलीलाही सांगितलेलं नाही.

सप्टेंबरात, त्या दिवशी दुपारी साडेतीनला मी अशीच बसले होते. फोन वाजला, ह्यांचा. खांदा आणि कानात धरला. पलीकडून नुसतं – गा… ब… गा. हे नेहमी नकला करायचे फोनवर. घाबरलेल्या शिकाऊ माणसाची, गिअर अडकल्याची, काय वाटेल त्या. मला वाटलं आजही तेच चाललंय. टाचण्यांतूनच ‘नंतर’ म्हटलं आणि ठेवला. ती उंची संपवली. मग एक चेन बदलली. मग एक बाही. पावणेपाचला आठवण झाली, फोन केला, उचलला नाही. पाच वाजता गेले तर स्कूलच्या ऑफिसात खुर्चीत बसलेले, फोन मांडीवर, अर्धा चेहरा खाली उतरलेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतंत तर बरं झालं असतं. तेवढंच म्हणाले. छत्री आणली असतीत तर बरं झालं असतं, तशा सुरात.

दीड तास. एका कोटापायी.

ह्यांना आठवतंय का तो फोन? मी काय म्हटलं ते? याच एका प्रश्नाने माझा जीव टांगणीला लागलाय. तोंड उघडलं ह्यांनी तर पहिलं तेच बाहेर येईल, असं वाटतं. आणि मीच त्यांना तोंड उघडायला घेऊन जाणार, दर गुरुवारी, रिक्षा करून.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर कोणी कोणाशी बोललं नाही. म्हणजे मी बोलले. दोघांच्या वाटणीचं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मुलीचा व्हिडिओ कॉल. ती परगावी, महिन्यातून एकदा येते. बाबांना विचारलं, हात कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे म्हणतात. झोप लागते का – लागते म्हणतात. गट आवडला का – आवडला म्हणतात, छान लोक आहेत. तर म्हणाली, “आई, बाबांचं तोंड मला दिसतंय इथून. हललंसुद्धा नाही ते.”

मी फणकाऱ्याने कांदे चिरायला निघून गेले.

पण चिरता चिरता एक आठवलं. लग्नानंतर ह्यांनी मला गाडी शिकवायला घेतली होती. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. मी भिंतीच्या अंगावर निघाले होते, किंचाळत होते, आणि हे हात मांडीवर ठेवून बसलेले. ब्रेक दाबला, पण अगदी शेवटी. नंतर विचारलं तर म्हणाले, मी स्टिअरिंगला हात लावला असता तर तुझा आजचा दिवस फुकट गेला असता.

मी तर पाच महिने स्टिअरिंग सोडलेलंच नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी आज माझ्यापुढेच कोरं पत्रक सरकवलं. म्हटलं, मला कशाला? मी सोबत म्हणून येते. तर म्हणाल्या, इथे सोबत कोणी नाही, सगळे प्रवासीच. कप्तानाला त्यांनी गोष्टीतून काढून टाकलं – तो बोटीवरच राहिला म्हणे. माझा उंचापुरा कप्तान! चांगला जिवंत होता.

मी भरलं. एक बाई, वय पन्नास, हातात पेटी. काय हवंय – बोट लवकर सुटावी. काय जमत नाही – थांबणं. (टॅक्सीवाल्यांच्या बहिणीने हे वाचून माझ्याकडे बघून असं काही हसू दाबलं!) काय लपवते – काही नाही.

या ‘काही नाही’वर लाल शाई. ‘पुन्हा विचार करा.’

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज घरी एक झालं. ह्यांनी माझ्या पिशवीतून कोरं पत्रक काढलं. खिडकीपाशी जाऊन बसले, डाव्या हातात पेन्सिल. मी म्हटलं, द्या, मी लिहिते, तुम्ही नुसती मान हलवा. त्यांनी काठी उचलली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे रोखली. म्हणजे – जा.

मी गेले! तीनदा पाणी विचारायला बाहेर आले, तीनदा काठी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दिवसाला दोन रकाने होतात. दाखवत नाहीत. उशीखाली ठेवतात पत्रक, शाळकरी मुलीच्या प्रेमपत्रासारखं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लिहिते तसंच्या तसं. वेडीवाकडी अक्षरं होती, पण सगळी त्यांची.

नाव – नको. काम – तिकीट खिडकी. दिसतो कसा – काचेमागे. कसा बोलतो – बोलतो. माईक बंद. काच जाड. चिठ्ठी दाखवतो. काय हवंय – कोणीतरी उभं राहावं. कशाला घाबरतो – रांग निघून जाईल. काय जमत नाही – घाई. काय लपवतो – बिस्किटं.

आणि शेवटी, इतरांनी काय करू नये – माझं वाक्य पुरं करू नये.

बाईंनी मोठ्याने वाचलं. मग टॅक्सीवाल्यांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, बघू! असा आनंदाने म्हटलेला ‘बघू’ मी ऐकलाच नव्हता. पत्रक पास. एकही शेरा नाही.

मला रडू आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम. ते शेवटचं कोणासाठी लिहिलंय ते कळायला मला काही शाळेत जायला नको.

लगेच गोष्टीत व्यापारी गेला खिडकीशी – माझं सामान कुठे? काचेमागून चिठ्ठी आली. किती वेळाने? सात मिनिटांनी. ‘धुक्यात.’ फोनवरचा पहिला शब्द! पाच महिन्यांतला पहिला! मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, बोटांना मुंग्या आल्या.

(आणि बिस्किटं खरंच सापडली. बुटाच्या खोक्यात. डॉक्टरांनी गोड बंद केलंय! परत होती तिथे ठेवली.)

२२ फेब्रुवारी, रविवार

आता घरातही गोष्ट चालते. मी स्वयंपाकघरात, हे बाहेर, मध्ये एक भिंत, आणि आम्ही मोबाइलवर धक्क्यावर! माझी पेटीवाली बाई खिडकीशी गेली. बोट कधी सुटेल? मी कणीक मळून घेतली, भांडी घासली. मग टिंग. ‘बस.’

ती म्हणाली, किती वेळ? ओटा पुसला. टिंग. ‘खुर्ची आहे.’

दोन शब्द. हसत सुटले एकटीच. थांबणं जमत नाही म्हणे हिला! पण हातात काम असलं की जमतं, हे मला माझं नव्याने कळलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांचे आज एकूण एकवीस शब्द. नर्सबाईंनी मोजले. बाई म्हणाल्या, जागा पक्की. जिना उतरताना मी ह्यांचा दंड इतका घट्ट धरला की त्यांनीच माझा हात सोडवला.

पण माझं पत्रक अजून अर्धवट. बाईंनी आठवण केली – तुमची पेटीवाली काय लपवते? मी म्हटलं, साधी बाई आहे हो ती. तर म्हणाल्या, सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारते. स्वतःचं काहीच सांगत नाही. तिकीट खिडकीतला माणूस तिला काय देणार मग, नुसतं तिकीट?

घरी येताना रिक्षात गप्प बसले. हे दोनदा माझ्याकडे वळून बघत होते. मी गप्प, हे नवलच वाटलं असणार.

१ मार्च, रविवार

भरू की नको?

२ मार्च, सोमवार

भरलं. ‘काय लपवते – तिला हाक आली होती. तिने ऐकली. गेली नाही.’

पाठवलं गटावर. परत घेता येतं का म्हणून फोन खालीवर करत बसले, तोवर सगळ्यांनी वाचून झालं होतं. ह्यांनीही. बाहेरच्या खोलीत फोन वाजलेला मी ऐकला. जेवायला बसलो. ह्यांनी वरण मागून घेतलं, हाताने खूण करून. चेहऱ्यावर काही नाही. काहीच नाही.

५ मार्च, गुरुवार

आज झालं ते जसं झालं तसं.

गोष्टीत धुकं आणखी दाटलेलं. पेटीवालीची पाळी आली. मी तिला खिडकीशी नेलं. ह्यांच्याहून हळू टाइप केलं मी. लिहिलं – मला एकदा हाक आली होती. मी हातातलं काम संपवलं. मग गेले. तोवर उशीर झाला होता. मी ‘नंतर’ म्हटलं होतं.

हे वाचताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. टेबलावरची रेघ बघत होते. पाच मिनिटं झाली. ह्यांनी काहीतरी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. नर्सबाईंनी खुर्ची सरकवली, तोही आवाज केवढा वाटला. बारा मिनिटं. मधे एकदा बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनाही थांबणं सोपं जात नाही, एवढंच मला त्यात बरं वाटलं.

मग टिंग.

‘माहीत. तोंडात टाचण्या.’

टॅक्सीवाल्यांची बहीण म्हणाली, टाचण्या कुठून आल्या धक्क्यावर? बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. टॅक्सीवाले अगदी हळू म्हणाले – बघू, बघू.

६ मार्च, शुक्रवार

माहीत होतं! सप्टेंबरपासून. मी काय म्हटलं तेही, टाचण्यांतून म्हटलं तेही. म्हणजे त्या वेळी, तसल्या अवस्थेत, ह्यांनी माझा आवाज ऐकून ओळखलं की हिच्या तोंडात टाचण्या आहेत.

पण म्हणजे काय? माफ केलं? की कायम लक्षात ठेवलं? दोन शब्द आणि एक ‘माहीत’. मी उलटं विचारलं नाही. विचारावंसं इतकं वाटतंय की दुकानात तीन वेळा दोरा तुटला.

त्यांचं वाक्य आहे. पुरं करायचं नाही.

७ मार्च, शनिवार

नाही विचारलं. आजही नाही.

८ मार्च, रविवार

सकाळी भाजी निवडत होते. टिंग. गटावर नाही, फक्त मला.

‘त्या दिवशी. सकाळी नऊ. हात बधिर. कळलं होतं. दोन धडे घेतले. तुला सांगितलं नाही.’

सकाळी नऊ! आणि मला फोन साडेतीनला! मी भाजी टाकून बाहेर गेले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा ह्यांच्यावर ओरडले. सगळं काढलं – शेजारच्या सीटवर शिकाऊ माणूस, भर रस्ता, आणि हात बधिर? मी रोज मरत होते ते काय उगाच? मला कोणी सांगायचं होतं, भिंतीने? तोंडाला येईल ते बोलत सुटले.

तर हे मधेच म्हणाले, “ऐक.”

टाइप करून नाही. तोंडाने.

मी खाली बसले, हात मांडीवर ठेवले. सव्वा तास लागला त्यांना. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. ते त्यांचं आहे.